विहिरीच्या इंजिनाची मोटारसायकल

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. भोकरमाळावर तेव्हा डांबरी रस्ता नव्हता, विजेचे खांब नव्हते. घाटाची सात वळणं चढून आलं की एक पिंपळ, त्याला दगडी पार, आणि पारासमोर एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये बाबालाल मिस्त्री राहायचा.

बाबालाल मुलाणी मूळचा भोकरमाळचा नव्हे. गावानं विहिरीवर पहिलं तेलाचं इंजिन आणलं, ते बसवायला तो आला. सोबत बायको होती, जैतून. इंजिन बसवायला पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांत जैतूनला ताप भरला. बारा मैलांवर डॉक्टर. तिला बैलगाडीत घातली, पण गाडी तिसऱ्या वळणावरनंच माघारी आली. गावानं माळाच्या कडेला तिला माती दिली. बाबालाल चाळीस दिवस थांबतो म्हणाला, आणि मग त्याचं जाणं राहूनच गेलं.

गाव त्याला चांगलं वागवायचं. इंजिन बिघडलं, रहाट अडकला, कुणाच्या सायकलची साखळी निसटली की मिस्त्रीला हाक. काम झालं की भाकरी यायची, हुरडा यायचा. पण काम संपलं की माणूस उठायचा आणि आपल्या घरी जायचा. बाबालाल हात पुसत दारात उभा राहायचा. कुणाला थांब म्हणावं तर कशासाठी, ते त्याला सुचायचं नाही.

मग ती मोटारसायकल आली. धरणाच्या मोजणीला कुणी साहेब आला होता, घाट चढताना त्याची गाडी बसली, ती तो तिथंच टाकून निघून गेला. बाबालालनं ती ढकलत वर आणली आणि पारासमोर खोलून ठेवली. महिना झाला, दोन महिने झाले. गाडी सुरू व्हायची, चार पावलं जायची, आणि खोकून बंद पडायची.

एके दिवशी संध्याकाळी बिरू धनगर मेंढरं घेऊन परतत होता. बिरू म्हणजे तोंडाचा फटकळ आणि मनाचा मोकळा. तो थांबला आणि म्हणाला, "मिस्त्री, आवंदा तरी पळणार का ही?"

बाबालाल त्रासलेला होता. बोलायचं म्हणून बोलून गेला, "हिच्या इंजिनात जीव न्हाई. हिला आता पिठाच्या गिरणीचं इंजिन बसवतो."

बिरू खदखदून हसला. "बसव की! मग मागं जातं बांध. बायका दळण टाकतील, बाजारात पोचेस्तवर पीठ तयार!"

"आन् पीठ उडालं तर?"

"तू पांढरा होऊन येशील. गाव म्हणंल, मिस्त्रीचं लगीन हाय."

पारावर चारदोन माणसं बसलेली होती, ती हसायला लागली. हसणं ऐकून आणखी दोघं आली. दिवेलागण होईपर्यंत कुणी उठलं नाही. त्या दिवशी बाबालालला कळलं, की नादुरुस्त गाडीभोवती माणसं दुरुस्त गाडीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बाबालाल गाडीला नवं इंजिन बसवायला लागला. नुसतं बोलण्यात. कधी उसाच्या चरकाचं बसवायचा, म्हणजे गाडी पळेल तसा रस निघेल. कधी आगगाडीचं बसवायचा, मग बिरू विचारायचा, कोळसा कोण टाकणार, आणि बाबालाल म्हणायचा, मागं सासू बसवायची. कधी शिवणयंत्राचं बसवायचा, म्हणजे घाट उतरता उतरता फाटलेला रस्ता शिवून निघेल. एकदा तर इंजिनच नको म्हणाला, पुढं खंडोबाच्या जत्रेतला बोकड बांधू आणि त्याला सुरी दाखवू. त्या दिवशी बिरू पारावरनं खाली पडला, असं म्हणतात.

सगळं गाव हसायचं. हसायचा नाही तो एकटा सोपाना गुरव.

सोपाना देवळाची पूजाअर्चा करायचा, रोज सांजेला दिवा लावायचा आणि मग पाराच्या टोकाला येऊन बसायचा. साधा, सरळ माणूस. थट्टा त्याला कळायचीच नाही. आगगाडीचं इंजिन बसवतो म्हटलं की तो हनुवटी खाजवून गंभीरपणे म्हणायचा, "बसंल, पण चाकं मोडतील. चाकं बारीक हायती." शिवणयंत्र म्हटलं तर म्हणायचा, "त्याला पाय हलवायला लागतात. मग सायकलच काय वाईट?" मग सगळे पुन्हा हसायचे. बाबालालला मात्र सोपानाचा राग यायचा. आपण दिवसभर जुळवून आणलेली गंमत हा माणूस एका वाक्यात जमिनीवर आणतो, असं त्याला वाटायचं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग आभाळ रुसलं.

एक वर्ष लोकांनी काढलं. दुसऱ्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला आणि बाबालालनं बसवलेलं इंजिन मुकं झालं. तिसऱ्या वर्षी गाव उठलं. नदीकाठच्या मुलखात काम होतं, पाणी होतं. आज चार घरं, उद्या सहा, अशी माणसं घाट उतरत राहिली. बाबालाल शेडच्या दारात उभा राहून बघायचा. जाणारा प्रत्येक जण त्याला म्हणायचा, "चल की मिस्त्री. तुला कुठंबी काम मिळंल."

शेवटी बिरूची मेंढरं निघाली. मेंढरं पुढं गेली आणि बिरू पारापाशी थांबला. बाबालाल वाट बघत होता, हा काहीतरी बोलेल. बिरूनं मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवला. नुसता ठेवला.

"बिरूबा, हिला आता मेंढीचं इंजिन बसवतो," बाबालाल म्हणाला. "तुझ्या मागोमाग येईल."

बिरूनं मान हलवली, पटका तोंडावर ओढून घेतला आणि घाट उतरून गेला. वळून बघितलं नाही. शेवटच्या मेंढराची घंटा अगदी खालच्या वळणापर्यंत ऐकू आली. मग तीही गेली.

बाबालाल का गेला नाही, हे भोकरमाळावर अजून लोक आपापल्या परीनं सांगतात. जैतूनच्या मातीसाठी, असं पुष्कळ जण म्हणतात. पण तो एकदा सोपानाला म्हणाला होता, "तात्या, एका गावाला आपलं करायला मला धा वर्षं लागली. आता पुन्हा पहिल्यापासनं कुठं सुरू करू?"

मागं नऊ माणसं राहिली. कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला लेकानं नंतर नेतो म्हणून सांगितलं होतं. सोपाना राहिला, कारण देवळात दिवा लावायला कुणीतरी हवं. नऊ जणांत धडधाकट एकटा बाबालालच.

संध्याकाळ झाली की तो सवयीनं गाडीपाशी बसायचा. समोर पार रिकामा. पिंपळाची पानं तेवढी वाजायची. पहिल्या दिवशी तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्याला ते सहन होईना. तो रिकाम्या पाराकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आज हिला रहाटाचं इंजिन बसवतो!"

कोण हसणार? आवाज माळावर गेला आणि तसाच विरला. बाबालालनं मान खाली घातली. इतक्यात पाराच्या टोकाकडनं आवाज आला, "रहाटाला बैल लागतंय. बैल गावात कुठं उरलाय?"

सोपाना गुरव आपल्या जागी येऊन बसला होता.

बाबालालला आयुष्यात कुणाचा आवाज इतका गोड लागला नसेल. दुसऱ्या दिवसापासून तो सोपानासाठी इंजिनं बसवायला लागला. सोपाना प्रत्येक इंजिनाला गंभीरपणे नाव ठेवायचा. हसायचं कुणीच नाही. पण संध्याकाळ तेवढी सरायची.

मग गावातलं पाणी संपलं. विहिरीत चिखल उरला, चिखलाचीही माती झाली. पाणी आता फक्त घाटाखाली, नदीच्या डोहात. बाबालालनं त्या आजारी मोटारसायकलला दोन डबे बांधले आणि तो खाली गेला. येताना चौथ्या वळणावर गाडी बसली. त्यानं ती ढकलत आणली. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी इंजिनातनं धूर आला, आत काहीतरी फुटलं, आणि गाडी कायमची थंड झाली. त्या दिवशी त्यानं डबे खांद्यावर आणले. दोन डब्यांत नऊ माणसं.

संध्याकाळी तो पारासमोर पाय पसरून बसला होता. खांदे सोलून निघालेले. शेवटी सोपानानंच विचारलं, "आज काय बसवणार?"

"कायबी न्हाई, तात्या. खेळ संपला."

"विहिरीवरचं का बसवत न्हाईस?"

बाबालालनं वर बघितलं.

सोपाना शांतपणे सांगत होता, "तू म्हणाला होतास की दोन सालामागं. विहिरीचं इंजिन बसवतो म्हणून. समदी हसली. मी तवाच म्हणालो होतो, बसंल, पर चाकं बैलगाडीची लागतील. आता विहीर कोरडी हाय. इंजिन नुसतं उभं हाय. बैलगाड्या बी पडल्यात."

"तात्या, ती थट्टा होती!" बाबालाल ओरडला. "ते इंजिन उचलायला सहा गडी लागतात. ते जागचं हलत न्हाई, म्हणून तर हसायचं होतं!"

"मला काय म्हाईत," सोपाना म्हणाला. "तू रोज बसवतो म्हणायचास. मला वाटायचं, एक दिवस बसवशील."

बाबालाल रागानं उठून शेडमध्ये गेला. पण सकाळी लोकांनी बघितलं, तो विहिरीवर बसून इंजिनाचे नट सोडवत होता.

ते इंजिन विहिरीपासून पारापर्यंत कसं आलं, ते कुणी नेमकं सांगत नाही. बाबालालनं आणि आठ म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ओंडक्यांवरनं लोटत आणलं, असं म्हणतात. सगळ्यांत पुढं दोर धरून जी बाई होती, ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, असंही म्हणतात. पुढं एकवीस दिवस बाबालाल पहाटे खांद्यावर पाणी आणायचा, आणि मग तो आणि सोपाना गाडीवर खपायचे. बाबालाल जोडायचा आणि सोपाना खोट काढायचा. "आस वाकंल," म्हणायचा, आणि आस खरंच वाकायचा. "पट्टा निसटंल," म्हणायचा, आणि पट्टा निसटायचा. बाबालालनं जुनं इंजिन काढून टाकलं, बारीक चाकं काढली, लोखंडी धावेची बैलगाडीची चाकं घातली. शेजारी तिसरं चाक लावून लाकडी चौकट जोडली, तिच्यावर विहिरीचं इंजिन आणि पिंपांना जागा, आणि इंजिनापासून मागच्या चाकाला पट्टा. शेवटी मोटारसायकल म्हणावं असं त्यात काही उरलं असेल तर ते हॅण्डल आणि पुढचा दिवा.

"हे इंजिन स्वतःच पाणी पितंय," सोपानानं आणखी एक खोट काढली. "गार ठेवायला त्यात पाणी वतावं लागतंय. मग आपल्याला काय उरणार?"

"नववा माणूस जेवढं पितो तेवढं ते पिईल," बाबालाल म्हणाला. "मी कमी पितो."

आणि तेल? विहिरीवर एक पिंप होतं, ते पंधरवड्यात संपलं असतं. तेव्हा सोपाना देवळात गेला आणि दिव्यासाठी साठवलेलं करंजाचं तेल घेऊन आला, सगळेच्या सगळे बुधले. बाबालालनं हात मागं घेतला. "तात्या, देवाचं हाय हे."

"देवाला एक वात पुरे," सोपाना म्हणाला. त्या दिवसापासून देवळात एक वात जळायची, तिला बोटभर तेल असायचं, आणि ती कधी विझली नाही, बुधलेही कधी रिकामे झाले नाहीत, असं म्हणतात.

गाडी निघाली ती दिवस वर आल्यावर. इंजिनाचं हॅण्डल मारलं, मोठं चाक फिरलं, आणि टुक्... टुक्... टुक्... करत ती घाट उतरली. डोहावर चार पिंपं भरली आणि ती वर चढायला लागली. चाल मुंगीची. एवढी सावकाश, की बाबालाल सीटवर बसून कंटाळला आणि खाली उतरून शेजारनं चालायला लागला. गाडी आपली आपण चढतेय, आणि हा एका हातानं हॅण्डल धरून तिच्याबरोबर, जसा कुणी म्हशीला पाणी दाखवून आणतो.

सोपानाला धीर निघाला नाही. तो काठी टेकत पाचव्या वळणापर्यंत खाली आला. त्यानं ते बघितलं. नेहमीसारखी हनुवटी खाजवली आणि विचारलं, "बाबालाल, तू तर चालतोयस. मग गाडीवर कोण बसलंय?"

"पाणी बसलंय, तात्या!" बाबालाल इंजिनाच्या आवाजावरनं ओरडला. "त्याचे पाय दुखत होते!"

सोपाना गुरव थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उलगडत गेला. आणि सत्तर वर्षांत जो माणूस कधी हसला नव्हता, तो घाटाच्या पाचव्या वळणावर काठी टाकून, दगडाला धरून हसला. असा हसला, की घाटातले होले उडाले, असं म्हणतात. बाबालालही हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, आणि भोकरमाळावर त्या साली पडलेलं पहिलं पाणी तेच.

मग रोज सकाळी गाडी उतरायची आणि दुपार कलताना चढायची. दोन वर्षं, एकही खाडा न करता. रानातली तहानलेली जनावरं वळणावळणाला उभी राहायची, बाबालाल त्यांच्यासाठी दगडाच्या खळग्यात पाणी ओतायचा. कोल्हा आणि ससा एका खळग्याला तोंड लावायचे, असं म्हणतात. आणि इंजिनाचा तो आवाज खडकातनं जमिनीत उतरायचा, आणि वीस-वीस कोसांवर नदीकाठी कामाला गेलेली भोकरमाळची माणसं जमिनीला पाठ टेकली की त्यांना पाठीत तो जाणवायचा. ती एकमेकांना म्हणायची, गाव अजून चालू आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात सोपाना गेला. आजार नाही, काही नाही. सांजेला दिवा लावून पारावर आला, बसला, आणि बसल्या जागी मान टेकली. बाबालालनं त्या दिवशी इंजिन कुठलं सांगितलं होतं, ते त्याचं त्यालाही नंतर आठवेना. त्याला वाटलं, तात्या खोट शोधतोय. तो उत्तराची वाट बघत बसून राहिला.

पुढं देवळातली वात बाबालाल लावायचा. मुलाण्यानं देवळात दिवा लावला म्हणून कुणी काही म्हणालं नाही. म्हणायला होतंच कोण? उरलेल्या म्हाताऱ्यांच्या दारात तो पाणी ठेवायचा, पारासमोर येऊन बसायचा आणि रिकाम्या टोकाकडं बघून म्हणायचा, "आज हिला पवनचक्की बसवतो." मग थोडा थांबायचा. मग स्वतःच सोपानाच्या आवाजात म्हणायचा, "वारं पडलं तर?" आणि ते बोलून झालं की त्याला आणखीच एकटं वाटायचं.

तरी सकाळी गाडी सुटायचीच.

पुढं आभाळ वळलं. विहिरीला पाझर फुटला, आणि माणसं घाट चढून यायला लागली. सगळ्यांत पहिला बिरू आला. पाचव्या वळणावर त्याला गाडी दिसली आणि शेजारनं चालणारा, वाळून काटकी झालेला बाबालाल दिसला. बिरूनं तिथनंच आरोळी ठोकली, "मिस्त्रीऽऽ! ही काय गाडी म्हणायची का वरात?"

बाबालालनं वळून बघितलं नाही. बिरूनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. मग पळत जाऊन त्याचा खांदा धरला, तेव्हा बाबालाल दचकला, आणि बिरूला ओळखून त्याच्या गळ्यात पडला. बिरू बोलत होता आणि बाबालाल त्याच्या ओठांकडं बघत होता. दोन वर्षं त्या इंजिनाला कान लावून तो चालला होता. त्याचे दोन्ही कान गेले होते. ते कधी गेले, हे त्यालाही कळलं नव्हतं, कारण सोपाना गेल्यावर त्याच्याशी बोलायला पारावर कुणी येतच नव्हतं.

गाव भरलं. पार भरला. संध्याकाळी सगळे जमले आणि बाबालालला मधोमध बसवलं. "बोल मिस्त्री, आज काय बसवणार?" हातवारे करून विचारलं. बाबालाल म्हणाला, "आता हिला भजनी मंडळ बसवतो. निदान ताल तरी धरंल."

सगळा पार हसला. बाबालाल एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. तोंडं उघडत होती, दात दिसत होते, खांदे हलत होते. आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि तो त्याच्या बाहेर बसला होता. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. ते बघून एकेक जण हसायचा थांबला.

बिरू उठला. तो बाबालालच्या अगदी समोर मांडी घालून बसला. त्यानं बाबालालचा काळा, तेलकट पंजा धरला आणि आपल्या उघड्या पोटावर ठेवला. आणि हसायला लागला. आधी मुद्दाम हसला, मग खरंच हसला, पोट धरून हसावं तसं हसला, फक्त पोट धरलेलं होतं बाबालालनं.

बाबालालच्या तळहाताखाली ते हललं. त्यानं डोळे मिटले. जसं इंजिन बरोबर चालतंय का ते हात लावून बघायचा, तसा तो हात लावून राहिला.

"चालू हाय," तो म्हणाला. "बेस चालू हाय."

मग पारावरचा प्रत्येक माणूस उठला आणि त्याच्यासमोर येऊन बसला. बायका आल्या, त्यांनी त्याचा हात आपल्या पाठीवर ठेवून घेतला. दिवस मावळेपर्यंत ते चाललं.

बाबालाल पुढं बरीच वर्षं जगला. गेला तेव्हा गावानं त्याला जैतूनच्या शेजारी माती दिली. त्याच्यामागं ते इंजिन कुणाच्याही हातानं सुरू झालं नाही, असं म्हणतात.

आता भोकरमाळावर नळ आहेत. घाट डांबरी आहे. तरी दर वर्षी चैत्रात एक दिवस ठरवून गाव नदीवर जातं. मोटारसायकली असतात, ट्रॅक्टर असतात, जीपगाड्या असतात. डोहाचं पाणी भरायचं आणि घाट चढायचा, पण गाडीवर बसायचं नाही. ती सावकाश सोडायची आणि शेजारनं चालायचं. वर आलं की गावात जे कुणी एकटं राहत असेल, म्हातारं असो की तरुण, त्याच्या दारात ते पाणी आधी द्यायचं. पाणी दिलं म्हणून लगेच निघायचं नाही. उंबऱ्यावर बसायचं, त्या माणसाचा हात आपल्या पोटावर ठेवायचा, आणि त्याला हसू येईपर्यंत हसायचं. कितीही वेळ लागला तरी.